बाणसर आणि गाळलेले किरण

चूक दुसऱ्याची असली तरी कान बाणसरांचे लाल होत. एखाद्या कार्यक्रमात वक्ता अडखळला की सर मान खाली घालून स्वतःच्या चपलांकडे बघत बसायचे. हॉटेलात वेटरच्या हातून पाणी सांडलं की "माझाच हात मध्ये आला" म्हणून हे मोकळे. वर्गात प्रश्न विचारला आणि उत्तर आलं नाही की पोरगं आपलं निवांत उभं, आणि लाजलेले कोण, तर सर. "मीच नीट विचारलं नसेल," असं पुटपुटत ते फळा पुसायला लागत. मास्तर माणसाला इतकी लाज परवडत नाही असं मला तेव्हाही वाटायचं.

त्यांचं खरं आडनाव पाठ असणारा विद्यार्थी मला अजून भेटलेला नाही. डिप्लोमाच्या सगळ्या तुकड्यांना ते बाणसर म्हणूनच माहीत. प्रकाशाच्या किरणाची रेघ काढली की तिच्यावर बाण हवाच, हा त्यांचा हट्ट होता. बाकी आकृती कितीही सुबक असो, बाण नाही तर मार्क नाहीत. "नुसती रेघ काय, कंपाउंडरही काढतो. बाण काढलास की कळतं, कोण कुठून निघालं आणि कुठे चाललंय," असं ते म्हणत. लग्नाच्या पंगतीत ताटाशेजारी सांडलेल्या पाण्यात बोटाने बाण काढताना मी त्यांना पाहिलं आहे. शेजारी बसलेल्या नवऱ्याकडच्या काकांना ते काचेच्या पेल्यातून उजेड कसा वाकतो ते समजावत होते आणि काका जिलबीची वाट बघत होते.

सरांनी एक प्रोग्राम लिहिला होता. नाव साधंच, ‘वाट’. भिंगं किती, किती गोलाईची, किती जाड, कुठल्या काचेची, एकामागे एक किती अंतरावर, हे आकडे त्यात भरायचे. मग प्रोग्राम एकेक किरण सोडायचा, तो प्रत्येक काचेशी किती वाकेल याचं गणित करायचा आणि शेवटी पडद्यावर ठिपके उमटवायचा. सगळे किरण एका जागी जमले तर भिंग चांगलं. पसरून डाग पडला तर आकडे बदलायचे, परत किरण सोडायचे. काच घासायला घेण्याआधीच भिंगातून कसं दिसेल ते कळायचं. आता या कामाला परदेशी सॉफ्टवेअरं आहेत, ठाण्याच्या कंपनीत मी दिवसभर त्यातच डोकं घालून बसते. पण कॉलेजातला संगणक कुलपात राहायचा त्या काळात डोंबिवलीतल्या या माणसाने जेवणाच्या टेबलावर बसून हे सगळं लिहिलं, सूचना मराठीत दिल्या आणि मागेल त्याला फुकट वाटलं. न मागणाऱ्यालाही वाटलं. "सरांनी आमची वाट लावली" हा विनोद प्रत्येक तुकडी नव्याने करायची आणि सर प्रत्येक वेळी नव्याने हसायचे.

आधी फ्लॉपी, मग सीडी, मग पेन ड्राइव्ह. विद्यार्थ्याच्या लग्नात आहेर म्हणून पाकिटातून ‘वाट’ची सीडी देणारा मास्तर जगाच्या पाठीवर दुसरा नसेल. माझ्या लग्नात मिळाली तेव्हा सासूबाईंना वाटलं सरांनी भक्तिगीतं दिलीत. दुसऱ्या दिवशी पूजेला लावायला त्यांनी ती काढलीही होती. मी हसून ती कपाटात ठेवली. ती तिथेच राहिली.

सर रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. एका रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. "मीनल, तू वाट वापरतेस ना गं अजून?" आता सकाळी सकाळी म्हाताऱ्या मास्तरांचं मन कोण मोडेल? मी म्हटलं, हो सर, अधूनमधून. तर ते म्हणाले, "मग लगेच ये. गाडी घेऊन ये."

काकूंनी दार उघडलं आणि डोळ्यांनीच आतल्या खोलीकडे खूण केली. कालपासून नीट जेवलेले नाहीत, मला म्हणतात मी लोकांना फसवलं, असं त्या कुजबुजल्या. सर संगणकासमोर बसले होते. मला बघून उठले, परत बसले. मग त्यांनी सांगितलं ते असं. जुन्या संगणकावर फार तिरका किरण आला की गणित अडकून पडायचं. म्हणून त्यांनी सोय केली होती की असा किरण आला तर प्रोग्रामने तो सोडून द्यावा आणि पुढचा घ्यावा. तात्पुरती सोय. चांगला संगणक आला की काढणार होते. काढायची राहिली. साध्या भिंगात इतके तिरके किरण येतच नाहीत, त्यामुळे काही बिघडलं नाही. पण मोठं करून दाखवणाऱ्या जाड भिंगात कडेने शिरणारे किरण तिरकेच असतात आणि चित्राची कड तेच धुरकट करतात. प्रोग्राम नेमके तेच गाळत होता. पडद्यावर उरत होते ते शहाणे किरण, आणि ठिपका दिसत होता सुईच्या टोकासारखा.

"जे किरण त्रास देणार होते तेच मी मोजले नाहीत," सर म्हणाले, "आणि लोकांना सांगत राहिलो की कड स्वच्छ आहे."

मी म्हटलं, ईमेल पाठवून टाकू सगळ्यांना. ते मान हलवायला लागले. फोनवर किंवा ईमेलवर सांगितलं की माणूस ‘असू दे हो सर’ म्हणतो आणि विषय संपवतो, त्यांना तसं संपवायचं नव्हतं. जाड भिंगांचं काम कोण करत असेल ते त्यांनी मनातल्या मनात काढून ठेवलं होतं. त्यांच्या दारात जायचं, समोर उभं राहून सांगायचं आणि दुरुस्त केलेली ‘वाट’ हातात द्यायची. मी गाडीची किल्ली उचलली. त्यांचे कान बघवत नव्हते.

पहिला मुक्काम ठाण्याला. घोडबंदर रोडला एका उंच इमारतीत आमच्याच कॉलेजचा एक मुलगा राहतो, कॅमेऱ्यांच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. त्याने सरांच्या पाया पडून त्यांना सोफ्यावर बसवलं आणि सर तोंड उघडायच्या आत म्हणाला, आमच्याकडे रोज वाटच चालते सर, नवीन मुलांना आधी तेच शिकवतो. सरांचा चेहरा पडला. "रोज?" त्यांनी विचारलं. मग त्यांनी सगळी चूक सविस्तर सांगितली आणि रोजचं काम पुन्हा तपासावं लागेल म्हणाले, आत्ताच एक उदाहरण उघडून दाखव, मी बसतो. बिचाऱ्याने लॅपटॉप आणला आणि बराच वेळ हे उघड, ते उघड करत राहिला. त्याच्या बायकोने कॉफी आणली, ती गार झाली. शेवटी सरच म्हणाले की ऑफिसच्या मशीनवर असेल, राहू दे. लिफ्टमध्ये त्यांचे कान पुन्हा लाल झाले होते. "त्याच्याकडे नाहीच आहे," ते म्हणाले. "मी उगाच खोदून विचारलं. त्याच्या बायकोसमोर."

तिथून कल्याणला निघालो. शीळफाट्याला ट्रेलरांच्या मध्ये अडकलो आणि गाडी हलायचं नाव घेईना. सर बाजूला बसून माझ्या कंपनीतली कुठली कुठली भिंगं पुन्हा तपासावी लागतील ते विचारत होते. त्यासाठी ते स्वतः ठाण्याला येऊन बसणार होते, डबा घेऊन. पुढच्या ट्रकच्या मागच्या फळीकडे बघत मी सांगून टाकलं की सर, मी वाट कधी वापरलीच नाही. सीडी अजून कपाटात आहे.

सरांनी माझ्याकडे वळून बघितलं. मग त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "अगं, मग तुझं काहीच चुकलेलं नाही," ते म्हणाले आणि खरोखर आनंदाने त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. इतकी लाज मला आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटली नसेल. त्यांनी रागवायला हवं होतं.

कल्याणचा चष्मेवाला मात्र सरळ माणूस निघाला. "सर, तुमच्याशी खोटं कशाला बोलू," असं म्हणून तो आम्हाला थेट दुकानामागच्या घराच्या गॅलरीत घेऊन गेला. तिथे दोरीला सरांच्या दोन-तीन सीड्या टांगलेल्या होत्या, उन्हात गरगर फिरत, कबुतरं बसू नयेत म्हणून. मला कुठे तोंड लपवू असं झालं. सरांनी विचारलं, "येतात का कबुतरं?" तो म्हणाला, अजिबात नाही. "मग छान आहे," सर म्हणाले. जिना उतरताना ते हलक्या आवाजात म्हणाले की हिने निदान कोणाचं वाईट तरी केलं नाही.

मला वाटलं आता घरी. कोणी वापरतच नव्हतं तर माफी मागायची कोणाची? पण सर म्हणाले, आंबिवलीला रेखा आहे. मी गाडी शहाडच्या पुलाकडे वळवली.

रेखा माझ्यानंतर पुष्कळ वर्षांनी सरांच्या हाताखाली शिकली. तिच्या घरात त्या शिक्षणाला जाणारी ती पहिली. तिचा नवरा सुधाकर एका कारखान्यात भिंगं घासायला होता. लग्नानंतर दोघांनी घराला लागून पत्र्याची शेड घातली आणि सोनार, घड्याळजी डोळ्याला लावतात तसली भिंगं बनवायला घेतली. आकडे हिचे, हात त्याचा. आम्ही गेलो तेव्हा मशीन घरघरत होतं आणि त्यावर दुसराच एक माणूस काच धरून बसला होता. पॉलिशच्या लाल पुडीने त्याची बोटं रंगली होती. सुधाकर कोपऱ्यात स्टुलावर बसून तयार भिंगं कागदात गुंडाळत होता.

"जयभीम सर," म्हणत रेखा पुढे आली. सरांनीही "जयभीम" म्हणत हात जोडले. तिने खुर्ची पुसून दिली आणि पदराने संगणकाचा पडदा पुसला. पडद्यावर ‘वाट’ चालू होती. दिवसभर गाडी फिरवून जी कुठे दिसली नाही ती इथे चालू होती. सरांचे डोळे आधी चमकले. मग त्यांनी खुर्चीच्या पाठीला धरलं.

रेखाला काय कल्पना! सर घरी आले या आनंदात ती आपणहून सगळं सांगत सुटली. साधी भिंगं झकास जातात. मध्ये जास्त ताकदीची, सोनारांसाठी, करून बघितलेली. पण नाही जमलं. "वाट सांगत होती कड एकदम क्लिअर. आणि भिंगात बघितलं तर कड धुरकट. परत केली, परत धुरकट. मग काय, गणित बरोबर म्हणजे गडबड घासण्यात. मीच ह्यांना बोलले, तुमचा हात गेला आता." हे ती काही टोचून बोलत नव्हती. घरात पूर्वीच ठरून गेलेली गोष्ट सांगावी तसं सांगत होती. तेव्हापासून घासायला बाहेरचा माणूस ठेवला आणि हे पॅकिंग बघतात, माल पोचवतात, असं म्हणून तिने नवऱ्याकडे बघितलं. सुधाकर जरासा हसला आणि गुंडाळत राहिला.

मला वाटलं, सर, आता बोलू नका. आपण चहा घेऊ, नवीन ‘वाट’ घालून देऊ आणि जाऊ. मी त्यांच्याकडे बघितलंही तशा नजरेने. त्यांनी बघितलं नाही.

"रेखा, ह्यांचा हात गेला नव्हता," सर म्हणाले. "माझा प्रोग्राम चुकीचा होता."

मशीनवरच्या माणसाला रेखाने हातानेच थांबायला सांगितलं. सरांनी पेन ड्राइव्ह लावला, तिचेच जुने आकडे तिच्याकडून मागून घेतले आणि किरण सोडले. मधला ठिपका तसाच बारीक राहिला. कडेचे ठिपके मात्र पसरत गेले आणि पडद्यावर एक लांबट डाग तयार झाला. सर कसं, का, कुठे हे सांगत होते, पण ऐकत कोणी नव्हतं. सुधाकर स्टुलावरून उठून आला. बराच वेळ त्या डागाकडे बघून त्याने त्याच्यावर बोट ठेवलं. "अशीच दिसायची," तो म्हणाला. "अगदी अशीच." आणि मग आपल्या बोटाकडे बघत, "मी समजलेलो, खरंच गेला हात."

रेखा उभी होती ती हलली नाही. नवऱ्याकडे तिने बघितलं नाही. सरांना म्हणाली, "सर, तुम्ही आला नसता तर बरं झालं असतं." आणि घरात निघून गेली.

चहा सुधाकरनेच आणला. सरांनी त्याच्यासमोर हात जोडले तर त्याने ते हातात धरून खाली केले आणि म्हणाला, तुम्ही बसा सर, चहा घ्या. गाडीपर्यंत सोडायलाही तोच आला. परतीच्या वाटेवर मी म्हटलं, ती रागात बोलली सर, तुम्ही मनावर घेऊ नका. "रागात नाही गं," ते म्हणाले. "तिला आता रोज त्याच्याकडे बघायचंय."

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला परत बोलावलं. दुरुस्त ‘वाट’ उघडली की सगळ्यात आधी दिसेल असा मजकूर त्यांनी लिहिला होता. आधीच्या सगळ्या ‘वाट’मध्ये फार तिरके किरण गाळले जात होते, ही चूक लिहिणाऱ्याची आहे. भिंगाची कड धुरकट आली म्हणून तुम्ही घासणाऱ्याला दोष दिला असेल तर त्याचा हात बरोबर होता. खाली त्यांचं पूर्ण नाव. मी म्हटलं, सर, एवढं कोण लिहितं? ते म्हणाले, अजून पुरं झालेलं नाही. ज्याचा हात बरोबर होता त्याचं नावही इथे यायला हवं. त्याला निदान चारचौघांत निर्दोष म्हटलं जाईल. नाव विचारल्याशिवाय घालायचं नाही म्हणून त्यांनी सुधाकरला फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

सुधाकरने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "नाव नका घालू सर," तो म्हणाला. "ती सकाळी पहिलं तेच उघडते."

सरांनी फोन ठेवला. जागा सोडून ठेवली होती ती एकेक अक्षर मागे घेत बंद केली. ‘वाट’ तशीच सगळ्यांना पाठवली, रेखालाही. मग काकूंना म्हणाले, मीनलला काहीतरी खायला दे. ते स्वतः टेबलावर आले नाहीत.

त्यानंतर सर फार राहिले नाहीत. हृदयाचं दुखणं होतं आणि तेही त्यांनी लाजेखातर कोणाला सांगितलं नव्हतं. दवाखान्यात मला म्हणाले, ‘वाट’ आता तू सांभाळ. मी हो म्हटलं. ज्या प्रोग्रामला मी कधी हात लावला नव्हता तो मला देताना त्यांना माझ्याबद्दल जराही शंका वाटली नाही आणि मला मान वर करता येईना. मग त्यांनी विचारलं, रेखा कशी आहे. मी म्हटलं, बरी आहे सर. मी त्यानंतर आंबिवलीला फिरकलेही नव्हते.

तेरावं झाल्यावर काकूंना भेटायला रेखा डोंबिवलीला आली. सुधाकर खाली मोटरसायकलपाशी थांबला होता, कारण जिना चढून वर यायला ती त्याला नको म्हणाली होती. काकूंजवळ ती जरा वेळ बसली, मग सरांच्या खोलीत माझ्यामागे येऊन तिने दार लोटलं.

"ताई, वाट उघडली की दिसते ती पहिली पाटी तुमच्या हातात आहे ना आता? त्यात ह्यांचं नाव घाला."

मी संगणकावरचं कापड काढलं.

"सुधाकर, आंबिवली. हात ह्यांचा बरोबर होता असं लिहा. आणि दोष बायकोने दिला, रेखाने, तेपण लिहा. सरांनी एकट्याने का म्हणून घ्यायचं सगळं?" मग थांबून म्हणाली, "तुमच्यासारख्या कोणी आधी उघडून बघितलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. पण ते जाऊ दे."

ते जाऊ देण्यासारखं नव्हतं हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. मी सरांच्या खुर्चीत बसले आणि विचारलं, सुधाकरला विचारलंस का? ती म्हणाली, नाही विचारलं, ते नकोच म्हणतील, त्यांना आत्ता काही सांगू नका. तो आधीच नको म्हणाला आहे आणि का म्हणाला आहे, हे मला माहीत होतं. ते मी तिला सांगितलं नाही. तिने सांगितलं तसं लिहिलं. ती माझ्या खांद्यावरून प्रत्येक शब्द वाचत होती. तिच्या नावापाशी आले तेव्हा माझी बोटं अडली, तर म्हणाली, लिहा.

ही नवी ‘वाट’ भरलेला पेन ड्राइव्ह पिशवीत टाकून ती निघाली. दारात मी विचारलं, आता रोज सकाळी संगणक लावलास की हेच दिसणार, चालेल तुला?

"उद्या मी नाही लावणार," ती म्हणाली. "उद्या ह्यांना लावायला सांगणारे. मी बाजूला उभी राहीन."